चौथ्या फॉर्मवरचा फोटो

१. रिकामा चौकोन

"यावर फोटो कुठाय?"

दोन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म फिरवून काचेला टेकवला. नाव होतं, जन्मतारीख होती, सही होती, आणि अक्षर असं की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला बोलवावं. पण उजव्या कोपऱ्यातला फोटोचा चौकोन रिकामा होता.

भिंगरीनं टाचा उंचावून काचेतून पाहिलं. फॉर्म आजोबांचा होता.

भिंगरी हे काही तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हतं. पण ती एका जागी पाच मिनिटं बसली तर घरचे तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत, त्यामुळे हजेरीपटावरचं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. वय पंधरा. गेल्या महिन्यात शाळेच्या प्रयोगशाळेची हरवलेली किल्ली तिनं शोधून दिली होती आणि तेव्हापासून तिच्या चालण्यात जरा रुबाब आला होता.

"इथे व्हिसा आधी काढावाच लागत नाही," असं बाबा महिनाभर सांगत फिरत होते, जणू ती सोय त्यांनीच मंजूर करून घेतली होती. "उतरायचं, फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, परतीचं तिकीट दाखवायचं. शिक्का बसला की सुटलो." आणि खरंच, आई, बाबा आणि भिंगरी सुटले होते. तिघांच्या पासपोर्टांवर शिक्के बसले होते. दोन काचांपलीकडे आत्या पिवळी छत्री हलवत उभी होती. चार वर्षांनी दिसत होती, पण इथून फक्त छत्रीच नीट दिसत होती.

"फोटो पडला असेल कुठेतरी," बाबा म्हणाले. "नवीन काढतो. ते यंत्र आहे ना."

कोपऱ्यातल्या फोटोच्या यंत्रावर 'बंद आहे' असा कागद चिकटवला होता. कागद पिवळा पडला होता.

"मोबाइलमधला चालेल?"

"कागदावरचा लागतो." बाई तुटक बोलत होत्या, पण वाईट नव्हत्या. "खिडकी बाराला बंद होते. व्हिसा नसला तर ज्या विमानानं आलात त्याच विमानानं परत. एक वाजता सुटतं ते. आता अकरा पाच झालेत."

"काही घाबरू नका," आई म्हणाली. आई परिचारिका होती, जादा सुई घेतल्याशिवाय ती कुठल्या खोलीत पाऊल टाकत नसे. "प्रत्येकाचे दोन-दोन फोटो जास्तीचे घेतलेत मी." तिनं फाइलच्या कप्प्यातून पाकीट काढून पालथं केलं. आईचे दोन फोटो पडले. बाबांचे दोन. भिंगरीचे दोन, ज्यात ती शिंकायच्या बेतात दिसत होती.

पाकीट रिकामं झालं. आजोबांचा एकही फोटो निघाला नाही.

भिंगरीनं बोटं मोडली. एक फोटो गळून पडला तर समजू शकतं. पण तीन फोटो गेले, तेही एकाच माणसाचे, आणि बाकीच्यांना धक्काही नाही. हे आपोआप झालेलं नव्हतं. कुणीतरी केलं होतं, आणि तो कुणीतरी अजून याच हॉलमध्ये होता.

२. मिशा कुणाला शोभतील

"अण्णा, खिसे बघा जरा," बाबा म्हणायच्या आतच पत्र्याच्या खुर्चीवर बसल्या बसल्या आजोबांनी खिसे रिकामे करून सगळं शेजारच्या खुर्चीवर मांडलं होतं. रुमाल, चष्म्याचं घर, पेपरमिंटच्या गोळ्या, आणि कागदाची घडी दाबायची ती पांढरी हाडाची पट्टी. आजोबांचं बायंडिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या फाटक्या पुस्तकांना नव्या पाठी दिल्या होत्या. पट्टी खिशात नसली की त्यांना उघडं वाटायचं.

"आजोबा, मी तपास करते," भिंगरी म्हणाली. "टिपणं लिहायला तुमची वही द्या."

"सापडत नाहीये. बॅगेत गेली बहुतेक."

ती निळ्या कापडाची वही आजोबांनी स्वतः बांधलेली होती आणि एरवी त्यांच्या हातातच असायची. पण वेळ नव्हता. भिंगरीनं बोर्डिंग पासच्या मागे लिहायला घेतलं.

"दहा वीसला तुम्ही चारही फॉर्म लिहिलेत आणि फोटो चिकटवलेत. मग आईनं तपासले. तेव्हा चारही फोटो होते?"

"होते," आई पाठीमागून म्हणाली. "मी एकेक मोजलाय."

"मग बाबा आत्याला हात करायला गेले, आई तोंड धुवायला गेली..."

"आणि तू हॉलला प्रदक्षिणा घालत होतीस," आजोबा म्हणाले.

"...आणि फाइल तुमच्या मांडीवर. कुणी हात लावला तिला?"

आजोबांनी आठवल्यासारखं केलं. "त्या टोपीवाल्यानं लिहायला टेकू म्हणून दोन मिनिटं घेतली. आणि त्या बाई शेजारीच होत्या, कात्री घेऊन. हे घे, गोळी खा. डोकं चालतं." त्यांनी कागद सोलून गोळी तिच्या हातात ठेवली. कागद मात्र त्यांच्या अंगठ्याला चिकटून बसला. त्यांनी हात झटकला, तरी सुटेना.

"इथं पत्रा टोचत असेल तुम्हाला. तिकडे गादीची खुर्ची रिकामी आहे."

"मला इथंच बरं आहे. तू पळ."

कात्रीवाल्या बाई पार्लर चालवत होत्या, हे त्यांनी न विचारता सांगितलं. आजोबांच्या खुर्चीलगतच्या लांब टेबलाला दोरीनं बांधलेल्या कात्रीनं त्या आपला फोटो चौथ्यांदा कापत होत्या, आणि एवढ्यात फोटोतला त्यांचा डावा कान गेला होता.

"काकू, माझ्या आजोबांचे फोटो गेलेत. तुम्ही शेजारी होतात."

"म्हणजे मी घेतले?" काकूंनी कात्री ठेवली. "बाळा, त्यांच्या मिशा मला शोभतील का? मला व्हिसा हवाय, मुखवटा नको." मग त्या विरघळल्या. "तू डिटेक्टिव्ह आहेस ना, तर डिंकाची बाटली शोध आधी. मघापासून टेबलावर होती. पावणेअकराला बघते तर नाही. कान गेला ते गेला, आता चिकटवायचं कशानं?"

बाटली सापडायला वेळ लागला नाही. ती आजोबांच्या खुर्चीमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर होती, झाकण उघडं. आणि त्याच कट्ट्याला टेकून टोपीवाले काका मघापासून फोनवर बोलत होते.

भिंगरीचे कान टवकारले.

टोपीवाले काका सहल कंपनीचे मॅनेजर होते. त्यांच्या मागे नारिंगी टोप्यांची रांग होती आणि आजोबांचं अडलं तशी ती रांग भराभर पुढे सरकली होती. हेतू होता. फाइल हातात आली होती. डिंक शेजारी होता.

"काका, आम्ही अडकलो म्हणून तुमची वीस माणसं पुढे गेली."

"एकवीस. मी पण माणूसच आहे."

"तुम्ही फाइल घेतली होतीत."

"घेतली, दोन कागद लिहिले, परत दिली. माझ्या टोप्यांची शपथ, आत काय होतं ते मी बघितलंसुद्धा नाही." ते हसले, मग थांबले. "तुझे आजोबा बोलके आहेत हं. मला विचारत होते, परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का. म्हटलं, येते की, एक फोन केला की पाच मिनिटांचं काम."

"तारीख? कशाला?"

"ते मला काय माहीत? मी विचारलं, तर म्हणाले, सहज."

भिंगरीनं बोर्डिंग पासवर 'सहज' लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. तिच्या आजोबांनी आयुष्यात सहज म्हणून काही विचारलेलं तिला आठवत नव्हतं. अकरा बावीस झाले होते.

३. मोहरीएवढा डिंक

"मला तो फॉर्म पुन्हा दाखवता? आणि माझाही?"

खिडकीतल्या बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग दोन्ही फॉर्म फटीतून सरकवले. "नेऊ नकोस. इथेच बघ."

भिंगरीनं आपल्या फॉर्मवरच्या फोटोची कड नखानं उचलून पाहिली. हलेना. शिंकणारी भिंगरी कागदाशी एकजीव झाली होती. आजोबांचं काम असंच असायचं. डिंक मधोमध टाकायचा, बोटानं कडेपर्यंत पसरायचा, वरून पट्टी फिरवायची. त्यांनी चिकटवलेलं निघालं तर कागदासकट निघायचं.

मग तिनं आजोबांचा फॉर्म उजेडात तिरका धरला. रिकाम्या चौकोनात फाटल्याची एकही खूण नव्हती. मधोमध डिंकाचा एक ठिपका होता, मोहरीएवढा. बस.

तीन फोटो जन्मभर टिकतील असे, आणि चौथा फुंकर मारली की उडेल असा. चारही एकाच हाताचे.

तिनं फॉर्म वरपासून वाचला. सगळे रकाने भरलेले, ते सुंदर अक्षर. एकच रकाना कोरा होता: किती दिवस राहणार. तिच्या फॉर्मवर तिथे आठ होता. आईच्या आणि बाबांच्या फॉर्मवरही आठच होता, तिनं मघाशी पाहिला होता.

"आई, तिकिटं दे."

"आता तिकिटं कशाला? अगं, फोटो शोध."

"दे ना."

आईनं तिकिटांचे कागद लगेच दिले नाहीत. तिनं बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी छत्रीकडे. भिंगरीनं कागद जवळजवळ ओढूनच घेतले. तिचं परतीचं तिकीट येत्या शनिवारचं होतं. आईचं, बाबांचं, तेच.

आजोबांचं परतीचं तिकीट तीन महिन्यांनंतरचं होतं.

४. वजन

भिंगरी हॉलच्या मधोमध उभी राहिली.

सगळा वेळ ती चुकीचा प्रश्न विचारत होती. म्हाताऱ्या माणसाचे फोटो घेऊन कुणाला काय मिळणार? काकूंना मिशा नकोत. टोपीवाल्यांना पुढे जायचं होतं, पण फाइलमध्ये जास्तीचे फोटो आहेत हे त्यांना कळणार कसं, त्यांनी तर पाकीट बघितलंही नव्हतं. फोटो मिळवून कुणाचाच फायदा नव्हता. फोटो नसण्यात मात्र एकाच माणसाचा होता. ज्याला आत जायचंच नव्हतं, त्याचा.

आणि तीन फोटो कुठे गेले? खिसे तर त्यांनी आपणहून उलटे केले. कुणी सांगायच्या आत. मग तिला एकेक आठवत गेलं. अंगठ्याला चिकटलेला गोळीचा कागद. फॉर्म दहा वीसला चिकटवून झाले होते, मग अकरानंतर अंगठ्यावर ओला डिंक कुठून आला? खुर्चीमागची बाटली. हरवलेली वही. आणि टोचणाऱ्या पत्र्यावर तासभर बसून राहणारा माणूस, जो घरी दर दहा मिनिटांनी उठून खिडक्या तपासतो.

ती लहान असताना दुकानातला शिकंजा, वह्या दाबून धरायचं ते लोखंडी यंत्र, भरलेला असला की आजोबा ओली वही बाकावर ठेवून तिला वर बसवत. "तू माझं वजन. अर्धा तास हलायचं नाही." ती पाच मिनिटांत पळायची आणि वहीचा पुठ्ठा वाकायचा. तशा वाकड्या वह्या घरात अजून सात होत्या. आजोबांनी एकही टाकली नव्हती.

ती आजोबांजवळ जाऊन बसली. त्यांच्या मांडीखालून निळ्या कापडाची कड आणि वहीची लाल खूणफीत डोकावत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "वाळली का हो वही?"

आजोबांनी समोर बघतच विचारलं, "कसं कळलं?"

"तुम्हाला वाईट काम जमत नाही. मोहरीएवढा डिंक तुमच्या हातचा नाही वाटला. आणि ओली वही दाबल्याशिवाय तुम्हाला सोडवत नाही, मग आत चोरीचा माल का असेना."

आजोबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी वही काढून तिच्या हातात दिली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतला कागद किंचित फुगला होता, कडा ओलसर होत्या.

"फॉर्म लिहायला बसलो तेव्हा तिकीट बघितलं. तोपर्यंत मी आठ दिवसांसाठी निघालो होतो. लेकीला भेटायचंय गं मला. भेटायचंय. राहायचं नाहीये." त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली दुकानाची किल्ली होती. "एकटा परत गेलो असतो. एक वाजताच्या विमानात येतं मला बसता."

"मग फोटो फाडून का नाही टाकले? कचऱ्याचा डबा तर समोर आहे."

त्यांनी किल्ली पुन्हा चष्म्याखाली ठेवली आणि घर मिटलं.

"लागले असते तर," ते म्हणाले. "कुणी म्हणालं असतं, अण्णा, आठच दिवस. तर लागले असते ना."

अकरा पस्तीस. पाठीमागे पावलं वाजली. बाबा उभे होते, आणि त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

५. आठ

"अण्णा, तुम्ही दोनदा पडलात," बाबा म्हणाले. "दुकानातल्या त्या स्टुलावरून. दुसऱ्यांदा तर दोन तास कुणाला पत्ताच नव्हता. मी ऑफिसात, ही ड्यूटीवर. ताईकडे दिवसभर माणूस असतो घरात. मी काय करायचं होतं?"

"विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. म्हणालो असतो." आजोबांनी मान डोलावली. "आणि तू मला विमानात बसवून सांगितलंस की आठ दिवस."

बाबांनी खाली पाहिलं. ते कधी असे उभे राहिलेले भिंगरीनं पाहिले नव्हते, फक्त शाळेत मुख्याध्यापिकांच्या केबिनबाहेर मुलं अशी उभी असतात.

"दुकानाचं काय ठरवलंय?" भिंगरीनं विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "शिकंजा एका प्रेसवाल्याला द्यायचं बोललोय. अजून दिला नाही. मलाच ते धड वाटत नव्हतं, पण मी बोलले नाही. माझंही चुकलं, अण्णा."

"मग नका देऊ," भिंगरी म्हणाली. आता तिला थांबता येईना. "स्टूल काढून टाका. वरच्या फळीवरचं मी काढून देईन. शाळा सुटली की मी दुकानातच येते, अभ्यास तिथे करते. दुपारी आई फोन करेल, तुम्ही एका रिंगमध्ये उचलायचा. नाही उचललात तर शेजारचे झेरॉक्सवाले आत येऊन बघतील, मी त्यांना सांगते."

"दर दुपारी फोन?" आजोबा कुरकुरले. "मी काय पेशंट आहे?"

"ही माझीही अट आहे," आई म्हणाली.

"बरं. पण एका रिंगमध्ये नाही. खळ लागलेली असते हाताला. तीन."

"तीन," आई म्हणाली.

काचेपलीकडे पिवळी छत्री हलायची थांबली होती. आत्यालाही कळलं असावं की आत काहीतरी अडलंय. भिंगरीनं घड्याळ बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा घड्याळ. अकरा एक्केचाळीस.

बाबा वळले आणि ताडताड चालत टोपीवाल्या काकांकडे गेले. "तुम्ही म्हणालात, पाच मिनिटांचं काम आहे. तिकिटाची तारीख बदलायची आहे. कुणाला फोन करायचा?"

सहा मिनिटं लागली. भिंगरीनं त्या सहा मिनिटांत टेबलाभोवती अकरा फेऱ्या मारल्या आणि काकूंचा एका कानाचा फोटो चिकटवून दिला. बाबा परत आले तेव्हा त्यांच्या मोबाइलवर नवं तिकीट होतं. शनिवारचं, बाकी तिघांसारखंच. त्यांनी खिडकीवरून आजोबांचा फॉर्म मागून घेतला आणि दोरीनं बांधलेलं पेन उचललं. कोऱ्या रकान्यात त्यांनी स्वतः आठ लिहिला. त्या सुंदर अक्षरांत तो आठ फारच गबाळा दिसत होता.

आजोबांनी तो बराच वेळ बघितला. "पोट मोठं झालंय त्याचं," ते म्हणाले, पण खोडला नाही.

मग त्यांनी हाडाच्या पट्टीनं वहीचा कागद अलगद उचलला. आत कोरड्या कागदात गुंडाळलेले तीन फोटो होते, एकालाही डाग नव्हता. त्यांनी डिंक चौकोनाच्या मधोमध टाकला, कडेपर्यंत पसरला, फोटो ठेवला, वरून पट्टी फिरवली.

"फार झाला डिंक," त्यांनी स्वतःशीच म्हटलं. "घाई नडली. असाच दिला तर बाईंच्या शिक्क्याखाली सरकेल. दाबायला हवा."

"किती वेळ?" बाबांनी विचारलं. अकरा एकोणपन्नास झाले होते.

"पाच-सात मिनिटं तरी. वजन पाहिजे."

सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. मग आईनं ओठ दाबले, कारण तिला हसू येत होतं आणि ते वेळेला शोभणारं नव्हतं.

आजोबांनी फॉर्म वहीच्या पानांत ठेवला, वही खुर्चीवर ठेवली, आणि भिंगरी तिच्यावर बसली.

पत्रा खरंच टोचत होता. खिडकीतल्या बाईंनी शिक्का पुसून ठेवला आणि पाटीवर हात नेला, 'बंद'ची पाटी होती ती. आजोबांनी नुसतं बोट वर केलं. बाईंनी भिंगरीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पाटीवरचा हात तसाच राहू दिला. भिंगरीच्या गुडघ्यात मुंग्या आल्या. नाकाला खाज सुटली. नारिंगी टोप्या एकेक करून दारापलीकडे गेल्या, काकू एका कानानं बाहेर पडल्या आणि हात हलवून गेल्या. तिनं पापणी तेवढी हलवली.

अकरा छप्पन्नला आजोबांनी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीये," ते म्हणाले. "ऊठ आता."

वही सरळ होती, एका बाजूलाही वाकली नव्हती. बाईंनी फोटोची कड नखानं उचलून पाहिली, ती हलली नाही. त्यांनी शिक्का मारला.